पदवीच्या सामायिक विषयांचं मोजमाप बाहेरच्या प्रमाणित चाचणीनं करावं का?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं महाविद्यालय नाशिकमधलं, स्वायत्त. २०२३-२४ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. मुख्य विषयाबाहेरचे जे श्रेयांक सगळ्या शाखांच्या मुलांना घ्यावे लागतात, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), भाषांचे एईसी (क्षमतावाढीचे विषय), पर्यावरणासारखे व्हीईसी (मूल्यशिक्षणाचे विषय), भारतीय ज्ञान प्रणालीचे दोन श्रेयांक, त्यांतून मुलांच्या हाती खरंच काही लागलं का हे व्यवस्थापनाला पाहायचंय. एका कंपनीनं ऑनलाइन प्रमाणित चाचणी देऊ केली आहे. दीड तास, बहुपर्यायी, इंग्रजीतून. प्रथम वर्षाला द्यायची, तृतीय वर्षाला द्यायची, आणि दोन सरासऱ्यांमधला फरक म्हणजे तुमच्या या विषयांचा परिणाम. ऑगस्टच्या अकॅडमिक कौन्सिलपुढे अहवाल हवाय. घ्यावी का, आणि घेतली तर कशी, हे तुम्ही विचारलंत.

या रूपात घेऊ नका. प्रमाणित चाचणी वाईट असते म्हणून नव्हे. मी सव्वीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, मापन हाच माझा विषय, आणि चांगली चाचणी किती कामाची असते हे मी रोज पाहिलंय. पण तुमच्यापुढे ठेवलेली आखणी मुलं कोणत्या घरांतून, कोणत्या शाळांतून आली हे मोजेल, त्या दिवशी त्यांनी किती मन लावलं हे मोजेल, इंग्रजी किती येतं हे मोजेल. तुमच्या विषयांनी काय केलं हे त्यात कुठेतरी तळाशी असेल, आणि ते वेगळं काढायचा मार्ग अहवालात नसेल.

आधी व्यवस्थापनाची बाजू घेते, कारण ती बरोबर आहे. आपल्याकडे या विषयांचे अंतर्गत गुण पाहा. चाळीसपैकी छत्तीस, सदतीस, अडतीस. नॅक या मूल्यांकन संस्थेसाठी सीओ-पीओ अटेनमेंटच्या, म्हणजे अभ्यासक्रमाची उद्दिष्टं किती साधली याच्या, एक्सेल शीट भरल्या जातात आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडे तीन, म्हणजे वरची पातळी, येतात. पर्यावरणाचा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीला सक्तीचा झाला, त्याला दोन दशकांहून जास्त काळ लोटला. त्यातले किती प्रकल्प मुलांनी स्वतः केले आणि किती झेरॉक्सच्या दुकानातून तयार आले, हे आपण दोघंही जाणतो. अशा वेळी संस्थेबाहेरचा एखादा डोळा हवा असं कुणाला वाटलं, तर त्यांना उडवून लावू नका. त्यांना हवी ती गोष्ट रास्त आहे, फक्त ती या चाचणीतून मिळणार नाही.

हा प्रयोग जगात नवा नाही, आणि त्याचा इतिहास तुमच्या कौन्सिलला माहीत असलेला बरा. अमेरिकेत पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत सगळ्या शाखांना समान असे विषय घ्यावे लागतात, त्याला तिथे जनरल एज्युकेशन म्हणतात. टेनेसी राज्यानं १९७९ पासूनच सरकारी विद्यापीठांच्या अनुदानाचा एक भाग अशा चाचण्यांच्या निकालांशी जोडला. पुढे २००६ मध्ये तिथल्या केंद्रीय शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी नेमलेल्या आयोगानं विद्यापीठांनी काय शिकवलं याचा पुरावा मागितला, आणि त्यानंतर सरकारी विद्यापीठांनी स्वेच्छेनं सीएलए, सीएएपी, एमएपीपी अशा तीन चाचण्यांपैकी एक घेऊन निकाल जाहीर करायचं ठरवलं. सीएलए त्यातली वेगळी. तिच्यात तेव्हा पर्यायांवर टिचक्या मारायच्या नसत, कागदपत्रांचा एक जुडगा देऊन त्यावरून लेखी सल्ला द्यायला सांगत. तिचा एक नमुना फार फिरला होता. कंपनीला छोटं विमान विकत घ्यायचंय, त्याच जातीचं एक विमान नुकतंच पडलंय, हाताशी बातम्या, तक्ते आणि पत्रं आहेत, तर घ्यावं की नाही ते लिहा. कृती उत्तम आहे. या विमानाकडे मी पुढे परत येणार आहे.

२०११ मध्ये रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा यांनी २४ संस्थांमधल्या २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांचे सीएलएचे निकाल मांडले आणि सांगितलं की पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली नाही. खूप गदारोळ झाला. 'निम्मी मुलं काहीच शिकत नाहीत' असे मथळे आले. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन या ज्येष्ठ अभ्यासकानं यावर जो आक्षेप घेतला तो तुम्ही नीट समजून घ्या, कारण उद्या तुमच्या अहवालात हीच चूक येणार आहे. एका मुलाच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांमधला फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही, याचा अर्थ तो शिकला नाही असा होत नाही. चाचणीतच इतकी चूक असते की एकट्या मुलाचा खरा फरकही तिच्यात बुडून जातो. चाचणीचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलांच्या गुणांचा पसारा, १० गुण आणि विश्वसनीयता, म्हणजे मोजमापातलं सातत्य, एकपैकी ०.८ धरली (ही बरी चाचणी झाली), तर एका मुलाच्या गुणांत साडेचार गुणांची मापनाची चूक गृहीतच धरावी लागते. आधीची आणि नंतरची अशी दोन मापं घेतली की ती आणखी वाढते. म्हणून मुलांच्या हातात या चाचणीचं गुणपत्रक देऊ नका, आणि कंपनीनं 'तुमचे इतके टक्के विद्यार्थी मागे आहेत' असं लिहून दिलं तर ते वाक्य कौन्सिलपुढे ठेवू नका.

गटाच्या सरासरीचं गणित तुमच्या बाजूनं जास्त आहे, पण तेही पाहून घ्या. प्रथम वर्षाची १०० मुलं, तृतीय वर्षाची १००, प्रमाण विचलन तेच १०. प्रत्येक सरासरीची प्रमाण त्रुटी (ठरावीकच मुलं घेतल्यामुळे येणारी चूक) एक गुण, दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची सुमारे १.४. म्हणजे जवळपास तीन गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानंही येऊ शकतो. आता कौन्सिलमध्ये कुणीतरी हमखास म्हणणार की वाणिज्य आणि विज्ञान वेगवेगळं दाखवा. शाखेमागे २५-२५ मुलं उरली की साडेपाच गुणांपर्यंतच्या फरकावर काहीच बोलता येत नाही. आणि नेमक्या याच बारक्या तक्त्यांवर लोक भांडतात.

गणिताची ही अडचण तरी नमुना वाढवला की कमी होते. पुढच्या दोन नमुना वाढवूनही कमी होत नाहीत.

पहिली, मुलांनी मन लावलं का. नाशिकमधल्याच एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी अशी चाचणी घेतली, तेव्हा मी निरीक्षक म्हणून कम्प्युटर लॅबमध्ये बसले होते. प्रथम वर्षाची मुलं प्रवेशानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात बसवली होती. नवी वह्या-पेनं, नवं आयकार्ड, हे गुण कुठेतरी धरले जाणार अशी मनात भीती. पूर्ण वेळ मान वर केली नाही. तृतीय वर्षाची चाचणी मार्चमध्ये, अंतर्गत परीक्षा संपलेल्या आठवड्यात, दुपारी तीनला. सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "मॅडम, झालं. साडेचारची पेठची गाडी आहे, ती चुकली तर डायरेक्ट साडेसहा." साठ प्रश्न वीस मिनिटांत. मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं, शेवटचे तीसेक प्रश्न सगळे 'क'. त्याच्या मागोमाग पाचसहा जण उठले. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. त्या चाचणीनं त्यांचं काही बनत नव्हतं, काही बिघडत नव्हतं.

निकाल आला तो असा की तृतीय वर्षाची सरासरी प्रथम वर्षापेक्षा कमी. अहवालात रंगीत आलेख होते. त्या आलेखावरून एक चांगला चाललेला विषय, ज्यात एक मॅडम मुलांकडून दर आठवड्याला एक पान लिहून घेत आणि ते खरोखर वाचत, बंद करायचा ठराव बैठकीत जवळजवळ झाला होता. साडेचारच्या पेठच्या गाडीचा उल्लेख त्या अहवालात कुठेच नव्हता.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०१२ मध्ये ईटीएस या चाचण्या तयार करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या लिडिया लिऊ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन संस्थांतल्या विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. सगळ्यांना एकच चाचणी दिली, फक्त संमतिपत्रावरची सूचना वेगवेगळी. काहींना सांगितलं की गुण फक्त संशोधनासाठी आहेत, काहींना सांगितलं की ते महाविद्यालयाला किंवा पुढे नोकरी देणाऱ्यांना कळू शकतील. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना स्पष्टपणे जास्त गुण पडले, आणि कोणत्या गटाची तुलना कोणाशी करता यावर मुलं शिकली की नाही हा निष्कर्षच बदलला. ब्राझीलमध्ये २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनाडे ही राष्ट्रीय परीक्षा आहे. हजेरी लावल्याशिवाय पदवी मिळत नाही, पण बहुतेक शाखांत गुणांचा विद्यार्थ्याला फारसा उपयोग नाही. तिथे विद्यार्थी संघटनांनी निषेध म्हणून पेपर कोरे ठेवले. कोलंबियाच्या साबेर प्रो परीक्षेची आखणी जास्त विचारपूर्वक आहे. वाचन, संख्यात्मक विचार, लेखन, नागरिकत्व आणि इंग्रजी असे भाग सगळ्या शाखांना समान, आणि शाळा सोडताना दिलेल्या साबेर ११ परीक्षेचे त्याच विद्यार्थ्याचे गुण हाताशी असल्यामुळे महाविद्यालयानं भर काय घातली याचा अंदाज तरी बांधता येतो.

हा शेवटचा मुद्दा तुमच्या आखणीत पूर्ण गळालाय. तुम्ही यंदाच्या प्रथम वर्षाची तुलना यंदाच्या तृतीय वर्षाशी करणार. ही दोन वेगळी माणसं आहेत. प्रथम वर्षाला असलेली कितीतरी मुलं तृतीय वर्षापर्यंत पोचत नाहीत. कुणी अंबड-सातपूरला कंपनीत लागतं, कुणाचं लग्न होतं, कुणी बॅकलॉगमध्ये अडकतं. उरलेल्यांची सरासरी काहीही न शिकवता वर जाते. त्या वाढीचं श्रेय तुमच्या ओपन इलेक्टिव्हला द्यायचं का? करायचं असेल तर त्याच मुलांना पीआरएनवरून, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकावरून, जोडा, बारावीचे गुण आणि बारावीचं माध्यम सोबत ठेवा, आणि तीन वर्षं थांबा. २०२३ ला आलेल्या पहिल्या तुकडीचं आरंभीचं मोजमाप तुमच्याकडे नाही. ते आता मागे जाऊन तयार करता येणार नाही, तसं कौन्सिलला सरळ सांगा.

दुसरी अडचण भाषेची, आणि माझ्या मते नाशिकसाठी हीच सगळ्यात मोठी. इथे मी थोडी जास्त रेंगाळणार आहे.

वर म्हटलं ते विमान आठवा. सुरगाण्याहून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या, मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलीपुढे तो कागद ठेवला, तर ती आधी 'कंपनीचं स्वतःचं विमान' या कल्पनेशी झगडते, मग इंग्रजीशी, आणि मग वेळ उरला तर युक्तिवादाशी. आपल्याला मोजायचंय फक्त तिसरं. म्हणून आम्ही काही शिक्षकांनी मिळून तशीच कृती इथल्या मातीतली तयार केली. चार कागद. पहिल्यावर चोवीस महिन्यांच्या कांद्याच्या आवकेचा आणि सरासरी भावाचा तक्ता. दुसऱ्यावर मोबाइलवर फिरणारा मेसेज, की भाव पडले ते फक्त निर्यातबंदीमुळे, आणि बंदी उठली की महिन्याभरात दुप्पट होणार. तिसऱ्यावर एका व्यापाऱ्याचं अर्ध्या पानाचं म्हणणं. चौथ्यावर चांदवडकडच्या एका शेतकऱ्याचं पत्र, की कर्ज काढून पंचवीस टनांची कांदा चाळ बांधू का. काम एवढंच, की या शेतकऱ्याला एका पानात सल्ला लिही आणि तो कशाच्या आधारावर देतेस ते दाखव. एक तास. तक्त्यातले आकडे आणि बंदीचा महिना आम्हीच रचले होते. लासलगावचे खरे भाव मुद्दाम घेतले नाहीत, कारण ज्याच्या घरी कांदा आहे त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि कॉलेज रोडच्या मुलावर अन्याय होतो. लागेल ती सगळी माहिती त्या चार कागदांतच होती. तक्त्यात एक गोष्ट पेरलेली होती. भाव बंदीच्या दोन महिने आधीच उतरायला लागले होते, आवक वाढल्यामुळे.

कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं उत्तर मला अजून जसंच्या तसं आठवतं. तिनं लिहिलं होतं: "मेसेजमध्ये म्हटलंय तसं असतं तर भाव बंदीच्या महिन्यात पडायला पाहिजे होते. ते त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत पडलेत. म्हणून बंदी उठल्यावर दुप्पट होतील यावर कर्ज काढू नका. चाळ बांधायचीच तर आधी दहा टनांची बांधा, कारण तक्त्यात दोन्ही वर्षी साठवून विकल्यावर मिळालेला जास्तीचा भाव सारखा नाही." बस. पुरावा पाहिला, दाव्याशी ताडला, सल्ल्याला मर्यादा घातली. पदवीच्या सामायिक विषयांतून याहून वेगळं आपल्याला काय हवंय?

त्याच मुलीनं महिन्याभरानं तशीच दुसरी कृती इंग्रजीतून सोडवली. साडेतीन ओळी. 'Because' चं स्पेलिंग दोनदा खोडलेलं, आणि मग मेसेजमधलंच वाक्य उतरवून काढलेलं. बहुपर्यायी इंग्रजी चाचणीत ती खालच्या चौथाईत होती. त्या चाचणीत वरच्या चौथाईत असलेल्या विज्ञानाच्या एका मुलानं कांद्याच्या कृतीत सफाईदार इंग्रजीत पूर्ण पान लिहिलं होतं, शेतकरी देशाचा कणा आहे वगैरे, आणि तक्त्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी दोन मुलांवरून सिद्धांत मांडत नाही. मी एवढंच म्हणते, की हे दोन पेपर टेबलावर शेजारी ठेवल्यावर आम्हा आठ शिक्षकांपैकी कुणीही पुन्हा म्हणालं नाही की फक्त इंग्रजी बहुपर्यायी चाचणीवर विषयांचा निकाल लावू.

आणि मराठी आवृत्ती मागितलीत तर ती कुणी केली हे विचारा. यंत्रानं उलथवलेलं भाषांतर मुलांना इंग्रजीपेक्षा जड जातं. मी अशा एका प्रश्नात 'खालीलपैकी कोणते गृहीतक युक्तिवादास अंतर्निहित नाही' असं वाचलंय. तो प्रश्न मला स्वतःला तीनदा वाचावा लागला.

कंपनीला आणखी काही गोष्टी लेखी विचारा. चाचणीची तांत्रिक पुस्तिका आहे का? विश्वसनीयता कोणत्या विद्यार्थ्यांवर काढली? मानके, म्हणजे ज्यांच्या गुणांशी तुलना होते ते गुण, भारतातल्या पदवीच्या मुलांची आहेत की नोकरभरतीला बसलेल्या उमेदवारांची? उपघटकांचे गुण देणार असाल तर प्रत्येक उपघटकाची विश्वसनीयता स्वतंत्र दिली आहे का? सात-आठ प्रश्नांवरून 'चिकित्सक विचार ६२ टक्के' असं छापून देणारे अहवाल मी पाहिलेत, तसल्या आकड्याला काही अर्थ नसतो. मुलांची माहिती कोण ठेवणार आणि किती दिवस, हेही विचारा. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा लक्षात ठेवूनच करार करा. पुस्तिका मिळाली नाही तर बोलणं तिथेच थांबवा.

पुस्तिका मिळाली तर एक दुपार मोकळी काढा. नमुना प्रश्न छापून घ्या. एईसी, व्हीईसी, ओपन इलेक्टिव्ह, ज्ञान प्रणाली शिकवणाऱ्या शिक्षकांना एकत्र बसवा आणि प्रत्येक प्रश्नापुढे एकच खूण करायला सांगा: माझ्या विषयामुळे मुलाला हा प्रश्न सोडवायला मदत होईल का? माझा अनुभव असा की बहुतेक प्रश्नांपुढे कुणाचीच खूण नसते. पर्यटनाचं ओपन इलेक्टिव्ह घेतलेल्या भौतिकशास्त्राच्या मुलाला घड्याळाचे काटे आणि बैठकव्यवस्थेची कोडी येत नाहीत म्हणून त्या विषयाला नापास करणं हा न्याय नव्हे. याला सप्रमाणता नसणं म्हणतात, म्हणजे जे मोजायचं तेच चाचणी मोजत नाही. विश्वसनीयता कितीही असली तरी ही उणीव भरून निघत नाही.

उलटही होतं, आणि ते जास्त मोलाचं. अशा दुपारी एखादे सर हळूच म्हणतात, की तक्ता वाचायला आम्ही कुणीच शिकवत नाही. प्रत्येकाला वाटतं की दुसरा शिकवतो. ही गोष्ट चाचणी न घेताच कळली.

आता करायचं काय. माझा सल्ला लहान आखणीचा आहे.

दोनच क्षमता निवडा. मी असते तर पुरावा तपासून युक्तिवाद करणं आणि आकडे वाचणं या दोन घेतल्या असत्या. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एएसी अँड यू या संघटनेनं २००९ मध्ये शिक्षकांकडूनच तयार करून घेतलेले व्हॅल्यू रुब्रिक, म्हणजे मूल्यमापनाचे तक्ते, आहेत. लेखन, चिकित्सक विचार, संख्यात्मक साक्षरता अशा प्रत्येक क्षमतेसाठी चार पातळ्यांचं वर्णन. ते समोर ठेवा, पण तसेच उचलू नका. तुमच्या शिक्षकांनी बसून मराठीत आपल्या शब्दांत लिहिले पाहिजेत. पहिल्या पातळीचं वर्णन आमच्याकडे शेवटी असं झालं: 'दावा जसा दिला तसा मान्य करते, कागदांतला एकही आकडा वापरत नाही.' हे वाचून कुणाही शिक्षकाच्या डोळ्यांपुढे पेपर उभा राहतो.

कांद्यासारख्या दोन कृती तयार करा, एक गावाकडची, एक शहरातली. गंगापूर धरणाचा साठा आणि शहराच्या पाण्याचं वेळापत्रक यावर छान कृती होते. मुलाला मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, हवी त्या भाषेत लिहू द्या, आणि ती भाषा नोंदवून ठेवा. विद्यार्थी निवडताना 'कोण येतंय' असं विचारू नका. एनएसएसची आणि वक्तृत्वाची मुलंच येतात. पीआरएनच्या यादीतून शाखा आणि माध्यम पाहून चिठ्ठ्या टाकून सव्वाशे-दीडशे जण काढा. पण कृती मात्र व्हीईसी किंवा एईसीच्या अंतर्गत मूल्यमापनाचा भाग म्हणून सगळ्या वर्गाला द्या, गुणांसकट, सकाळच्या तासाला. मन लावण्याचा प्रश्न त्यातच बराचसा सुटतो. गुण सगळ्यांना त्यांचे शिक्षक देतील, अभ्यासासाठी फक्त निवडलेल्यांचे पेपर वेगळे काढायचे, नाव आणि वर्ग झाकून.

या पेपरांचं वाचन शनिवारी, ग्रंथालयात, वेगवेगळ्या विभागांचे आठ-दहा शिक्षक. पहिला दीड तास फक्त पाच नमुना पेपरांवर भांडण होऊ द्या. आमच्याकडे पहिल्या फेरीत निम्म्या पेपरांवरही दोघांचं एकमत होत नव्हतं. मराठीचे सर शुद्धलेखनाला गुण कापत होते, रसायनशास्त्राच्या मॅडमना फक्त आकडा दिसत होता. दुपारपर्यंत जुळायला लागलं. प्रत्येक पेपर दोघांनी वाचायचा, एका पातळीपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यानं. प्रथम आणि तृतीय वर्षाचे पेपर मिसळलेले असू द्या, कोणता कोणाचा हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. व्यवस्थापनाला बाहेरचा डोळा हवाय ना? शेजारच्या दोन महाविद्यालयांतले दोघे शिक्षक बोलवा, त्यांच्याकडच्या वाचनाला तुम्ही जा. शिक्षकांना या दिवसाचं मानधन आणि बदली रजा द्या. फुकट राबवलंत तर दुसऱ्या वर्षी कुणी येणार नाही.

बाहेरच्या चाचणीला यात जागा आहे का? आहे, आकडे वाचण्याच्या क्षमतेपुरती. तिथे बहुपर्यायी प्रश्न बऱ्यापैकी काम करतात आणि भाषेचं ओझं कमी ठेवता येतं. तीन वर्षांतून एकदा, वर सांगितलेल्या अटी पाळणारी चाचणी मिळाली, तर त्याच दीडशे मुलांना द्या आणि शिक्षकांच्या वाचनाशी ताडून पाहा. दोन्हींनी एकच कमकुवत जागा दाखवली तर ती खरी समजा. दोन्ही वेगळं सांगत असतील तर पेपर पुन्हा काढून वाचा.

इतर संस्थांशी तुलना, क्रमवारी, टक्केवारीतलं स्थान, यांचा मोह टाळा. ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या संघटनेनं २०१० ते २०१२ या काळात एएचईएलओ नावानं १७ देशांत प्राथमिक चाचपणी केली, पदवीच्या मुलांची सामायिक क्षमता देशोदेशी एकाच मापानं मोजता येते का म्हणून. भारत त्यात नव्हता. तो प्रकल्प पूर्ण स्वरूपात कधी उभाच राहिला नाही. कुणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला चीन, भारत, रशिया आणि अमेरिका यांच्यातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा अभ्यास दाखवेल, ज्यात आपल्या मुलांच्या चिकित्सक विचारात चार वर्षांत फारशी भर पडलेली दिसली नाही. तो अभ्यास गंभीर आहे, हजारो विद्यार्थ्यांच्या नमुन्यावर काळजीपूर्वक केलेला, आणि मी त्याची चिंता करते. पण तो देशाबद्दल बोलतो. तुमच्या व्हीईसीच्या तासाला बुधवारी काय बदलायचं ते तो सांगत नाही.

आणि बदलायचं काय, हे आधीच ठरवा. चाचणी असो की कृती, सुरू करण्यापूर्वी प्राचार्य, तुम्ही आणि विषयांचे शिक्षक बसून एका कागदावर लिहा: निकाल असा आला तर आम्ही हे करू, तसा आला तर ते करू. लिहिता येत नसेल तर मोजू नका, मुलांचा वेळ वाचेल. आम्ही लिहिलं होतं की तृतीय वर्षाचे निम्म्याहून जास्त पेपर पहिल्या दोन पातळ्यांतच राहिले, तर पर्यावरणाचा प्रकल्प बंद करून त्याजागी वर्गात बसून आकडे वाचायच्या चार कृती ठेवू. ते राहिले. प्रकल्प बंद झाला. त्या वर्षी झेरॉक्सवाल्यानं मला विचारलं, "मॅडम, यंदा पर्यावरणवाले आलेच नाहीत?"

ऑगस्टच्या कौन्सिलचं म्हणाल तर अहवाल म्हणून दोन पानं पुरतील. पहिल्यावर त्या दुपारच्या खुणांचा तक्ता, म्हणजे कोणती क्षमता कोणत्या विषयात शिकवली जाते आणि कोणती कुणीच शिकवत नाही. दुसऱ्यावर जूनमध्ये आलेल्या नव्या मुलांच्या आरंभीच्या पेपरांच्या वाचनाचा निकाल, भाषा आणि बारावीच्या माध्यमासकट, आणि हीच मुलं तीन वर्षांनी पुन्हा कधी लिहिणार ती तारीख. कृतीचा मसुदा आणि आमचं मराठी रुब्रिक मी तुम्हाला देते. कांद्याचा तक्ता मात्र बदलून घ्या, तो आता इथल्या बऱ्याच मुलांनी पाहिलाय.